कडक हिवाळ्यातून मधमाश्यांच्या वसाहती कशा जगवाव्यात

लांबलेला, कडाक्याचा हिवाळा सरल्यावर मधपाळ पेट्या उघडतो तेव्हा त्यांतल्या काही रिकाम्या निघतात, काहींच्या तळपाटावर मेलेल्या माश्यांचा थर साचलेला असतो, आणि साहजिकच सगळा दोष थंडीच्या माथी मारला जातो. वास्तविक पुरेसा मध, भरपूर माश्या, सशक्त राणी आणि कोरडी पेटी एवढे जुळून आलेले असेल, तर युरोपीय मधमाशीची वसाहत शून्याखाली वीस-तीस अंशांची थंडीही काढते. वसाहत हिवाळ्यात मरते हे खरे, पण तिच्या मरणाचे कारण बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या अखेरीसच पेटीत शिरलेले असते. कॅनडात २०२१-२२ च्या हिवाळ्यात सुमारे ४५ टक्के वसाहती दगावल्या आणि तेथील मधपाळांनी सांगितलेल्या कारणांत व्हरोआ हा परोपजीवी पहिल्या क्रमांकावर होता. म्हणून पुढील कामांची सुरुवात थंडी पडण्याच्या तीन-चार महिने आधी होते. सूचना युरोपीय मधमाशी आणि लँगस्ट्रॉथ पद्धतीची, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या लाकडी चौकटींची (फ्रेमांची) पेटी गृहीत धरून दिल्या आहेत. ऋतू जागोजागी वेगवेगळ्या वेळी येत असल्याने महिन्यांची नावे टाळली आहेत.

हिवाळ्यात पेटीच्या आत काय चालते

बाहेरचे तापमान साधारण १४ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की माश्या फ्रेमांमधल्या फटींत एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांचा गोळा तयार होतो. बाहेरच्या थरातील माश्या डोकी आत वळवून दाटीने बसतात, तर आतल्या माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. ब्रूड, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, असेल तर गाभ्याचे तापमान ३४-३५ अंशांवर ठेवावे लागते. ब्रूड नसताना ते बरेच खाली आले तरी चालते. मात्र बाहेरच्या थरातील माशी १० अंशांच्या खाली फार वेळ राहिली, तर ती बधिर होऊन गळून पडते. माश्या पूर्ण पेटी तापवत नाहीत, फक्त हा गोळा उबदार ठेवतात, आणि इंधन म्हणून मध जाळत हळूहळू वर सरकतात.

या व्यवस्थेत दोन कच्चे दुवे आहेत. गोळा लहान असला, तर आकाराच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा ठरतो, उष्णता झपाट्याने निसटते आणि दर माशीला जास्त राबावे लागते. दुसरे म्हणजे, सलग तीव्र थंडीत गोळ्याला आडवे सरकून शेजारच्या फ्रेमवर जाता येत नाही. त्यामुळे जवळचा मध संपला, तर चार बोटांवर भरलेले पोळे असूनही वसाहत उपाशी मरते.

त्याहून महत्त्वाची बाब माश्यांच्या वयाची आहे. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. हिवाळा काढणारी पिढी वेगळी असते: उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात वाढलेल्या या माश्यांच्या शरीरात चरबीचा आणि व्हिटेलोजेनिन या प्रथिनाचा मोठा साठा असतो, आणि त्याच्या बळावर त्या सहा महिन्यांपर्यंत तग धरतात. ही पिढी एकदाच तयार होते. ती अशक्त निपजली, तर नंतर पेटीला कितीही गोधड्या गुंडाळल्या तरी उपयोग होत नाही.

व्हरोआ मोजावा, अंदाज बांधू नये

व्हरोआ हा लालसर तपकिरी, चपटा, दीड मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा कोळी वर्गातील परोपजीवी मूळचा आशियाई मधमाशीवरचा आहे. पोळ्यातले अळीचे घर माश्या मेणाने बंद करतात, त्याच्या थोडे आधी मादी त्यात शिरते, आत अंडी घालते, आणि तिची पिल्ले कोषावर पोसली जातात. बाहेर आल्यावर हे जीव माशीच्या पोटाखालच्या पट्ट्यांत घुसून मुख्यतः तिची चरबीच खातात, म्हणजे हिवाळी माशीची नेमकी शिदोरी. शिवाय ते पंख वेडेवाकडे करणारा विषाणू पसरवतात. उन्हाळ्याच्या मध्यानंतर राणी अंडी कमी घालू लागते, पण व्हरोआची संख्या वाढतच असते. त्यामुळे दर घरामागे परोपजीवींचे प्रमाण नेमके हिवाळी माश्या घडत असताना सर्वाधिक होते. या काळात पेटी बाहेरून अगदी जोमदार दिसते, आणि मधपाळ फसतो तो इथेच.

तळपाटावर गळलेले व्हरोआ मोजून किंवा माश्यांकडे नुसते पाहून खरे प्रमाण कळत नाही. अल्कोहोलने धुण्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे. ब्रूड असलेली फ्रेम उचलावी, तिच्यावर राणी नाही याची दोनदा खात्री करावी, आणि माश्या एका टोपात झटकून त्यांतून सुमारे १२० मिलिलिटर मापाचे भांडे भरून घ्यावे. त्यात साधारण ३०० माश्या मावतात. त्या झाकणाच्या बरणीत टाकून बुडतील एवढे ७० टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल ओतावे आणि बरणी मिनिटभर गोल फिरवत हलवावी. मग द्रव बारीक जाळीतून पांढऱ्या ताटलीत गाळला, की माश्या जाळीवर राहतात आणि व्हरोआ मोहरीहून लहान तपकिरी ठिपक्यांसारखे तळाला बसतात. ठिपक्यांच्या संख्येला तीनाने भागले की शेकडा प्रमाण मिळते. तीनशे माश्यांत नऊ ठिपके, म्हणजे ३ टक्के, ही उन्हाळ्याच्या अखेरीस तातडीने उपचार करण्याची पातळी आहे. पुढचा हिवाळा लांब असेल, तर २ टक्क्यांवरच हालचाल केलेली बरी. तीनशे माश्या मारण्याची अनेकांना हळहळ वाटते. ती समजण्यासारखी आहे, पण भर हंगामातली वसाहत दिवसाला याहून अधिक नव्या माश्या जन्माला घालते. ज्यांना हे नकोच असेल, त्यांनी अल्कोहोलऐवजी पिठीसाखर वापरून माश्या जिवंत परत सोडाव्यात. मोजणी थोडी कमी भरते, एवढे लक्षात ठेवावे.

उपचार निवडताना मुख्य प्रश्न असा, की पेटीत बंद ब्रूड आहे का. ब्रूड असताना बहुसंख्य व्हरोआ बंद घरांत दडलेले असतात, आणि तेथपर्यंत पोचणारे औषध म्हणजे फॉर्मिक आम्ल. त्याची वाफ मेणाच्या झाकणातून आत जाते, पण हवा फार गरम असेल तर राणीला धोका होतो. म्हणून दिवसाचे तापमान साधारण १० ते २९ अंशांच्या दरम्यान असतानाच ते वापरावे. थायमॉलला, म्हणजे ओव्यातील तीव्र वासाच्या द्रव्याला, ऊबदार हवा लागते आणि ते अनेक आठवडे ठेवावे लागते. ऑक्झॅलिक आम्ल घरांच्या आत पोचत नाही, त्यामुळे ते ब्रूड नसलेल्या काळासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर राणीने अंडी घालणे थांबवल्यावर, राखून ठेवावे. तेव्हा मात्र त्याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचा दिसत नाही. पाकात मिसळलेले ऑक्झॅलिक आम्ल माश्यांनी भरलेल्या दर फटीत ५ मिलिलिटर आणि पूर्ण पेटीत जास्तीत जास्त ५० मिलिलिटर एवढेच सोडतात. आपल्या देशात मधमाश्यांसाठी मान्यता असलेलेच उत्पादन घ्यावे आणि त्यावरील सूचना अक्षरशः पाळाव्यात. आम्लाची वाफ फुप्फुसे जाळते, तेव्हा योग्य मुखवटा, हातमोजे आणि चष्मा यांत तडजोड नको.

उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणी करावी. हे काम बहुतेक जण सोडून देतात. औषध लागू पडले नसेल, किंवा शेजारच्या कोसळत्या वसाहतीची लूट करताना माश्या नवे व्हरोआ घेऊन आल्या असतील, तर ते दुसऱ्या मोजणीशिवाय कळायला मार्ग नाही.

दुबळ्या वसाहतीला कौतुकाने एकटी ठेवू नये

जर्मनीत २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि १,२०० हून अधिक वसाहतींवर लक्ष ठेवणाऱ्या पाहणीत हिवाळी मृत्यूंशी जुळणाऱ्या बाबींत व्हरोआ आणि शरदातील विषाणूंबरोबरच राणीचे जास्त वय आणि वसाहतीचा शरदातील दुबळेपणा या दोन्ही होत्या. म्हणून शरदात दोन वर्षांहून जुनी, तुटक अंडी घालणारी राणी असेल, तर ती हवा ऊबदार असतानाच बदलावी. आठ-दहा फ्रेमांवर दाट माश्या असतील, तर कडक हिवाळ्यासाठी ती वसाहत पुरेशी आहे. चार-पाच फ्रेमांवरची वसाहत मात्र दुसरीत मिसळावी: कमी प्रतीची राणी काढून टाकावी, बलवान वसाहतीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरून त्याला दोन-चार बारीक चिरा द्याव्यात आणि वर दुबळ्या वसाहतीची पेटी ठेवावी. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. दोन दुबळ्या वसाहती एकत्र करण्यापेक्षा दुबळीला बलवान वसाहतीत मिसळणे केव्हाही चांगले. मात्र दुबळेपणाचे कारण रोग असेल, तर मिसळण्याचा विचारही करू नये.

साठा: किती, कोणता, कुठे

लांब थंडीच्या प्रदेशात एका वसाहतीला ३० ते ४० किलो मध लागतो; हिवाळा सौम्य असेल तर याच्या निम्म्यातही भागते. पूर्ण भरलेल्या मोठ्या फ्रेमवर अडीच ते तीन किलो मध असतो, त्यावरून हिशेब करता येतो. पेटी न उघडता वजन काढण्याचा सोपा उपाय म्हणजे सामान तोलण्याचा हातकाटा: तळपाटाची एक बाजू काट्याने किंचित उचलून आकडा पाहावा, मग समोरची बाजू उचलावी, आणि दोन्हींची बेरीज करावी. बेरजेतून रिकाम्या पेटीचे, फ्रेमांचे आणि माश्यांचे वजन वजा केले की साठा समजतो. दर वेळी आकडा पेटीवर खडूने लिहून ठेवावा.

साठा कमी असेल, तर वजनाने दोन भाग पांढरी साखर आणि एक भाग पाणी अशा घट्ट पाकाने तो पुरा करावा. माश्यांना पाकातले पाणी उडवून घरे बंद करायला वेळ आणि ऊब लागते; १० अंशांच्या खाली त्या पाक घेईनाशा होतात आणि न आटलेला पाक पेटीत ओल वाढवतो. तेव्हा हे काम थंडी पडण्याच्या चार-पाच आठवडे आधी उरकावे. गूळ, तपकिरी साखर किंवा मळी देऊ नये, कारण त्यांतील न पचणारे घटक माशीच्या आतड्यात साठतात आणि थंडीत ती आठवडेच्या आठवडे मलविसर्जनासाठी बाहेर पडू शकत नाही. झाडांवरील किडींच्या गोड स्रावापासून बनलेल्या गडद मधाबाबतही हेच होते. असा मध शक्यतो काढून घेऊन त्याजागी पाक द्यावा. मोहरीवर्गीय पिकांचा मध पोळ्यातच दगडासारखा गोठतो, आणि पाण्याशिवाय तो माश्यांना विरघळवता येत नाही. माहीत नसलेल्या ठिकाणचा मध तर कधीच देऊ नये, त्यातून फाऊलब्रूड या अळ्यांच्या जीवाणूजन्य रोगाचे बीजाणू येतात.

साठा गोळ्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना असावा. शेवटच्या तपासणीत रिकाम्या फ्रेमा गोळ्याच्या वर राहिल्या असतील, तर त्या कडेला किंवा खाली हलवाव्यात. राणी अडवणारी जाळी आवर्जून काढावी. गोळा जाळीतून वरच्या मधाकडे सरकतो, राणी खाली एकटी राहते आणि गारठून मरते.

ओल आणि वारा

मधात अठराएक टक्के पाणी असतेच, आणि त्यातली साखर जळतानाही पाणी तयार होते. हिशेब केला, तर एक किलो मधामागे सुमारे दोन-तृतीयांश लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. २५ किलो मध खाल्ला म्हणजे सोळाएक लिटर. ही ऊबदार वाफ वर जाते, थंडगार झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते थेट गोळ्यावर गळतात. कोरडी माशी मोठी थंडी सोसते, भिजलेली माशी सोसत नाही.

म्हणून पहिले आवरण झाकणाखाली हवे. चारपाच सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलसारखा दाट फोम झाकणाखाली बसवला, की वरचा पृष्ठभाग बाजूच्या भिंतींपेक्षा ऊबदार राहतो आणि पाणी साचलेच, तर ते गोळ्यापासून दूर भिंतीवर साचते. लाकडाच्या भुशाने भरलेली उथळ पेटी वर ठेवणे हाही चांगला उपाय आहे, कारण भुसा ओल शोषतो. वरच्या बाजूला दोन सेंटिमीटरचे एक छिद्र ठेवावे की नाही, यावर मधपाळांत न संपणारा वाद आहे. माझे मत असे, की वरचे आवरण पातळ असेल तर छिद्र हवेच, आणि ते खरोखर जाड व सर्व बाजूंनी घट्ट असेल तर छिद्राने उष्णता वाया जाते. आवरणाचा विचार न करता छिद्राचा वाद घालण्यात अर्थ नाही. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली असावी, म्हणजे साचलेले पाणी दारातून बाहेर जाते.

वाऱ्यासाठी कुंपण, झाडांची रांग किंवा गवताच्या गठ्ठ्यांचा आडोसा पुरतो. पाणथळ, थंड हवा साचणाऱ्या खोलगट जागी मात्र पेट्या ठेवू नयेत. काळ्या कागदाचे वेष्टन उन्हाने पेटी जरा तापवते, पण त्याची ऊब रोखण्याची ताकद नगण्य असते. उंदीर आत शिरू नये म्हणून दाराची उंची आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत कमी करावी, आणि हे उंदीर ऊब शोधत येण्याआधी करावे.

थंडीतील फेऱ्या आणि हिवाळ्याचा शेवट

थंडीत फ्रेमा बाहेर काढू नयेत. दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी मारून दारात अडकलेल्या मेलेल्या माश्या वाकवलेल्या तारेने ओढून काढाव्यात, बर्फाचा कडक थर साचला असेल तर तो फोडावा, आणि पेटीला कान लावून बोटाने हलकेच टकटक करावी. क्षणभर वाढून लगेच विरणारी गुणगुण हे चांगले लक्षण आहे. लांबत जाणारा, विव्हळल्यासारखा आवाज राणी गेल्याचे सुचवतो, पण त्यावर तेव्हा काही करता येत नाही. तापमान १० अंशांवर गेलेल्या उन्हाच्या दिवशी माश्या मलविसर्जनासाठी बाहेर पडतात. बर्फावर पिवळे-तपकिरी ठिपके आणि काही मेलेल्या माश्या दिसल्या, तर घाबरण्याचे कारण नाही.

खरा उपासमारीचा काळ हिवाळ्याच्या शेवटी येतो. दिवस मोठे होऊ लागले की राणी पुन्हा अंडी घालू लागते, गाभा ३५ अंशांवर ठेवावा लागतो आणि मधाचा खप एकाएकी वाढतो. बाहेर मात्र अजून एकही फूल नसते. पेटी हलकी लागली, तर वारा नसलेल्या दुपारी झाकण उचलून फ्रेमांवर कागद पसरावा, त्यावर किंचित ओलावलेली साखर दोन-तीन किलो ओतावी आणि झाकण लगेच बंद करावे. घट्ट साखरेची वडी असेल, तर ती गोळ्याच्या अगदी वर ठेवावी. पाक या दिवसांत देऊ नये. परागाचे पर्यायी खाद्यही फुले दिसेपर्यंत थांबवावे, कारण त्याने ब्रूड अकाली वाढते आणि परतलेल्या थंडीत माश्यांना ते झाकून ठेवणे जमत नाही.

दगावलेल्या पेटीची तपासणी

मेलेली वसाहत सापडताच तिचे दार बंद करावे, म्हणजे बाकीच्या वसाहती तिची लूट करून रोग घरी नेणार नाहीत. मग उजेडात एकेक फ्रेम पाहावी. माश्यांचा ढीग कुठे आहे, मध किती आणि कुठे उरला आहे, आणि ब्रूड कसे आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून बहुतेक वेळा कारण सापडते.

भरपूर मध शिल्लक, पण मूठभरच माश्या आणि त्यांत राणी, असे चित्र हिवाळ्याच्या पहिल्या निम्म्यातच दिसले, तर संशय व्हरोआवर घ्यावा. ब्रूडच्या जागची फ्रेम खालची पट्टी स्वतःकडे येईल अशी धरून, मागून ऊन घेऊन घरांच्या छताकडे पाहावे. तेथे पांढरे, खरखरीत, मिठाच्या कणांएवढे ठिपके चिकटलेले असतील, तर ती व्हरोआची विष्ठा होय. घरातून अर्धवट बाहेर येऊन मेलेल्या माश्या आणि सुरकुतलेले पंख हा त्याला दुजोरा. याउलट माश्यांचा मोठा गोळा जागच्या जागी मेलेला, डोकी घरांत खुपसलेली आणि आसपास मधाचा थेंब नाही, ही उपासमार आहे. केवळ डोकी घरांत आहेत एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण जिवंत गोळ्यातही बऱ्याच माश्या तशाच बसतात. मेलेल्या माश्या ओल्या, काळपट आणि बुरशीने माखलेल्या असतील, तर झाकण व आवरण तपासावे. मात्र बुरशी मरणानंतरही चढते, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे डाग आहेत का ते पाहूनच ठरवावे. फ्रेमांवर आणि दारापाशी विष्ठेचे पट्टे दिसले, तर खराब साठा किंवा नोझेमा हा आतड्याचा रोग यांपैकी एक कारण असते, आणि त्यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. कामकरी माश्यांच्या घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगलेली झाकणे राणी नसल्याची किंवा तिची शक्ती संपल्याची खूण होय.

रिकामी पोळी पुन्हा वापरण्यापूर्वी फाऊलब्रूडची शंका पूर्णपणे फिटली पाहिजे. या वेळी फ्रेम उलटी, म्हणजे वरची पट्टी स्वतःकडे ठेवून, घरांच्या तळाच्या बाजूला पाहावे. तेथे गडद, कडक, खरवडूनही न निघणारी खपली असेल, किंवा बंद घरात आगकाडी घालून ओढल्यावर तपकिरी चिकट तार निघत असेल, तर फ्रेमांना हात न लावता आपल्या भागातील मधमाशी निरीक्षकाला किंवा पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. या रोगाचे बीजाणू दशकानुदशके जिवंत राहतात. रोग नसेल, तर मेलेल्या माश्या झटकून फ्रेमा उणे १८ अंशांत दोन दिवस ठेवाव्यात, म्हणजे मेणकिड्याची अंडीही मरतात, आणि मग त्या वाळवून नव्या वसाहतीला द्याव्यात. ज्या पेटीत उपचार झाले होते तिच्यातला मध माणसांच्या खाण्यासाठी काढू नये. विष्ठेने बरबटलेली किंवा जुनी, काळी पडलेली पोळी वितळवून मेण वेगळे करावे, आणि पेटीच्या आतल्या भिंती खरवडून गॅसच्या ज्योतीने तपकिरी होईपर्यंत भाजाव्यात.